गाडी उचलण्याआधी ती काट्यावर घाला

आज शनिवार. हापिसातलं एक रिलीज काल रात्री दीड वाजता कसंबसं मार्गी लागलं. त्यामुळे आज भांडायला अंगात थोडी ताकद शिल्लक आहे. आणि भांडण जुनं आहे. ज्यांच्याशी भांडायचंय त्यांत माझे चुलतभाऊ येतात, गावाकडची निम्मी तरणी पोरं येतात, पुण्यातले माझे गाडीवेडे मित्र येतात आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्या आधी मी स्वतः येतो. विषय आहे एसयूव्ही 'उचलणे'.

उचलणे म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी: कंपनीने दिलेल्या स्प्रिंगा काढायच्या, त्याजागी उंच आणि जाड स्प्रिंगा घालायच्या, मागे पाटे असतील तर आणखी एक-दोन पाटे ठोकायचे, की गाडी दोन-तीन इंच वर येते. मग तिच्याकडे लांब उभं राहून बघायचं. मग फोटो काढायचा. बहुतेक गाड्यांचं काम इथेच संपतं.

आमचं गाव शिरड शहापूर. जिल्हा हिंगोली, तालुका औंढा नागनाथ. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही परभणीकर. बाहेरच्या लोकांना गाव माहीत असतं ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे, नाहीतर औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाला जाता-येता पाटी वाचली म्हणून. बाकी मग सोयाबीन, कापूस, हळद आणि काळी माती. या मातीबद्दल दोन शब्द बोललंच पाहिजे, कारण सगळं प्रकरण तिच्यापासून सुरू होतं. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. तिच्यावर डांबर टाका नाहीतर काँक्रीट, खालून ती आपलं फुगणं-आटणं सोडत नाही. त्यामुळे आमच्याकडचा रस्ता नवा असताना सुद्धा लाटा आल्यासारखा होतो. आणि डांबर सोडून पाणंदीत शिरलात तर मग विचारूच नका.

तर अशा ठिकाणी माणसाला उंच गाडी हवीशी वाटते. साहजिक आहे. माझं भांडण हवीशी वाटण्याशी नाही. भांडण आहे ते 'उंच म्हणजे दमदार, कडक म्हणजे मजबूत' या समजाशी. हा समज खोटा आहे, आणि त्याची किंमत जो गाडी चालवतो तो देत नाही. मागच्या सीटवर बसलेलं माणूस देतं.

आता आमच्या घरची गोष्ट.

काकांच्या घरी एक जुनी, सेकंडहँड घेतलेली एसयूव्ही आहे. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. आपल्याकडच्या जुन्या जीपवर्गीय गाड्यांची ही नेहमीची मांडणी. गाडी घरचं सगळं करते. लग्नं, दवाखाना, देवदर्शन आणि हळदीच्या दिवसांत मागच्या सीटा दुमडून दहा-दहा पोती वसमतच्या मोंढ्यावर. चुलतभावाचा तीन वर्षांपूर्वी फोन आला. "दादा, हळदीचे कट्टे टाकले की गाडी पार बसूलाली मागून. तू इंजिनिअर हाईस, काहीतरी सांग की."

मी इंजिनिअर आहे हे खरं, पण सॉफ्टवेअरचा. हा फरक गावात कुणी करत नाही, आणि त्या दिवशी मीही केला नाही. इंटरनेटवर रात्रभर बसलो. एक्सेलची शीट बनवली. आमच्या धंद्यात एक सवय अंगात भिनलेली असते: सर्व्हर घ्यायचा तो दिवाळीच्या सेलच्या गर्दीला पुरेल असा घ्यायचा, मग वर्षभर तो रिकामा पडला तरी चालेल. वर्स्ट केस धरून चालायचं. मी तेच केलं. गाडी गच्च भरलेली धरली, वर पंचवीस टक्के सेफ्टी म्हणून टाकले, आणि आकडा भावाला कळवला. त्याने तो एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला दिला. त्या वर्कशॉपने एकही प्रश्न विचारला नाही. मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवले, पुढे जाड तारेची कॉइल घातली, गाडी तीन इंच उचलून दिली, आणि वर "आता टन टाका, हलणार नाही" असं सर्टिफिकेट तोंडी दिलं.

गाडी खरंच हलेना. हाच तर प्रॉब्लेम होता.

हळदीचे दिवस वर्षाला वीस धरा. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस गाडीत माणसं बसतात, किंवा कुणीच बसत नाही. त्या तीनशे पंचेचाळीसपैकी एका दिवशी काकू मागच्या आडव्या बाकड्यावर बसून एका बारशाला निघाल्या होत्या. रस्त्यात गतिरोधक होता. आमच्याकडे गतिरोधक म्हणजे रस्त्यावर झोपलेली म्हैस, त्यावर पांढरे पट्टे नाहीत. भाऊ म्हणतो स्पीड तीसच होता, आणि मला ते खरं वाटतं. गाडीचं मागचं टोक उडालं, काकू बाकड्यावरून वर गेल्या आणि परत बाकड्यावर आपटल्या. चार दिवस तेल लावून काढले. पाचव्या दिवशी नांदेडला नेलं, तेव्हा कळलं की कमरेचा मणका दबला आहे. हाडं वयाने ठिसूळ झालेलीच होती, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिने पट्टा. वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, खाली बसायचं नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं घर वाकून सारवलं तिला सांगा वाकू नका म्हणून.

हा प्रकार जगावेगळा नाही. गतिरोधकावर उडून मणका दबल्याच्या केसेस वैद्यकीय जर्नलांमध्ये नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतही बसच्या मागच्या सीटांवर बसलेल्यांच्या. कारण साधं आहे. मागच्या चाकाच्याही मागे बसलेला माणूस सी-सॉच्या टोकावर बसलेला असतो.

मी त्या आठवड्यात गावी गेलो. काकू मला काही बोलल्या नाहीत. उलट "जेवलास का रे" म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग भावाला घेऊन वसमतला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. आयुष्यभर ट्रकचे पाटे बसवलेला माणूस. चाचा गाडीखाली शिरले, बाहेर आले, हात पुसले आणि मला एकच प्रश्न विचारला.

"साहेब, गाडीचं वजन किती?"

मी कंपनीच्या माहितीपत्रकातलं सांगायला लागलो.

"ते नाही. मागच्या धुऱ्यावर किती? खाली किती, भरून किती?"

मला माहीत नव्हतं. माझ्या एक्सेलला माहीत नव्हतं. त्या मोठ्या वर्कशॉपला माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"मग पाटा कुणाच्या अंदाजानं घातला?"

मंडळी, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं मी लिहिलेलं लांबण आहे. बाकी काही नाही.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापून ठेवलाय. तेव्हा रायगडावरच्या राज्याभिषेकाला चार वर्षं झाली होती, म्हणजे विषय नवीन नाही. जेवढं वजन, तेवढी स्प्रिंग दबणार. दुप्पट वजन, दुप्पट दबणार. स्प्रिंग 'चांगली' किंवा 'मजबूत' असं काही नसतं. ती अमुक वजनाला बरोबर असते, नाहीतर चूक असते. चष्म्याच्या नंबरासारखं. शेजाऱ्याचा चष्मा जास्त नंबरचा आहे म्हणून तो जास्त 'पॉवरफुल' समजून आपण घालतो का?

आम्ही दुसऱ्या दिवशी गाडी वजनकाट्यावर घातली. ज्या काट्यावर कापसाच्या, उसाच्या गाड्या मोजतात तोच. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. हे रिकाम्या गाडीला एकदा आणि पोती टाकून एकदा. वेळ अर्धा तास. खर्च एका प्लेट भज्यांएवढा. मागच्या धुऱ्यावर रिकाम्या गाडीत ड्रायव्हर धरून ७८० किलो निघाले, पोत्यांसकट १,२५०. यातून धुरा आणि चाकांचं स्वतःचं वजन वजा करायचं, कारण ते स्प्रिंगवर नसतं, जमिनीवर असतं. ते अंदाजे १५० धरलं. उरलेल्याचे दोन भाग. म्हणजे एका बाजूच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीत ३१५ किलो आणि भरल्या गाडीत ५५० किलो.

मग पाट्याचा कडकपणा मोजला. त्यालाही कुठली लॅब लागली नाही. सपाट जागी गाडी उभी केली, चाकाच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घेतलं, बरोबर धुऱ्याच्या वर पन्नास-पन्नास किलोची चार पोती ठेवली, गाडी दोन-चारदा हलवून बसू दिली (पाटे एकमेकांवर घासतात, न हलवता माप घेतलं तर खोटं येतं) आणि पुन्हा माप घेतलं. दोनशे किलोला गाडी जेमतेम १३ मिलिमीटर बसली. म्हणजे एका बाजूला शंभर किलोला १३, म्हणजे मिलिमीटरला साधारण साडेसात किलो. नंतर वाढवलेले पाटे काढून जुन्या संचावर तेच केलं, तर मिलिमीटरला साडेतीन किलो. दुपटीहून जास्त कडक करून ठेवली होती गाडी! मी. माझ्या शीटने.

आता एक छोटं गणित, घाबरू नका. वजनाखाली स्प्रिंग किती मिलिमीटर दबलेली आहे ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या, आणि १५.८ ला त्याने भागा. गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहते तो आकडा येतो. जुने पाटे, रिकामी गाडी: ३१५ भागिले साडेतीन, म्हणजे ९० मिलिमीटर. आकडा येतो १.६६. वाढवलेले पाटे: ४२ मिलिमीटर. आकडा २.४४. माणूस चालतो तेव्हा त्याचं शरीर सेकंदाला दीड-दोनदा वरखाली होतं, त्याची आपल्या हाडांना जन्मापासून सवय आहे. बसलेल्या माणसाला उभा हादरा सगळ्यात जास्त झोंबतो तो सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. स्प्रिंग जितकी कडक कराल तितकं तुम्ही त्या पट्ट्याच्या जवळ सरकता, आणि रस्त्यातला प्रत्येक धक्का स्प्रिंगमध्ये न मुरता वर जातो. वर कोण बसलंय? काकू.

बरं, भरल्या गाडीला तरी या पाट्यांनी न्याय दिला का? ५५० भागिले साडेसात, ७३ मिलिमीटर, आकडा १.८५. हो, पोत्यांना प्रवास एकदम आरामात झाला. आम्ही गाडी हळदीच्या सोयीने बनवली आणि तीत माणसं बसवली.

आता उंचीवाल्यांकडे वळतो. त्यांचा आवडता शब्द 'ग्राउंड क्लिअरन्स'. ज्या गाडीला मागे सरळ, अखंड धुरा आहे, तिच्या मधला डिफरन्शियलचा गोळा हा बहुधा गाडीचा सगळ्यात खालचा भाग असतो. आता सांगा, स्प्रिंग उंच केल्यावर तो गोळा किती वर येतो? शून्य. एक सुताचाही फरक नाही. धुरा चाकांवर उभा आहे, स्प्रिंग धुऱ्यावर आहे. स्प्रिंगने वर जाते ती बॉडी. गोळा वर न्यायचा तर टायर मोठं लागतं. तेव्हा पाणंदीतल्या मधल्या उंचवट्यावर जी गाडी परवा अडकत होती ती तीन इंच उचलल्यावरही तिथेच अडकणार. फक्त जास्त रुबाबात अडकणार. (ह.घ्या.)

उलट नुकसान काय होतं ते बघा. खड्ड्यात चाक खाली सोडायला स्प्रिंग आधी दबलेली असावी लागते. जेवढी दबलेली, साधारण तेवढंच चाक खाली जाऊ शकतं. ९० मिलिमीटर दबलेला पाटा चाक ९० खाली सोडतो. ४२ दबलेला, ४२. म्हणजे कच्च्या रस्त्यासाठी म्हणून कडक केलेल्या गाडीचं चाक कच्च्या रस्त्यात लवकर हवेत जातं, आणि हवेतलं चाक चिखलात नुसतं गरगरतं. चिखलासाठी केलेला खर्च चिखलातच वाया.

मग शॉकअप. ते जुन्या स्प्रिंगच्या मापाचे. नवी स्प्रिंग जास्त जोरात उसळते, तिला आवरायची ताकद जुन्या शॉकअपमध्ये नसते. शिवाय गाडी उंच झाल्याने ते आधीच ताणलेले, थोडं चाक खाली गेलं की टोकाला जाऊन ठण्णकन वाजतात. मग ब्रेक. बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या धुऱ्याला जोडलेला एक व्हॉल्व असतो. बॉडी आणि धुरा यांच्यातलं अंतर बघून तो गाडी भरलेली की रिकामी हे ठरवतो आणि मागच्या ब्रेकला तेवढंच प्रेशर सोडतो. तुम्ही गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी कायमच रिकामी आहे. पोती भरून औंढ्याच्या उतारावर ब्रेक मारताना मागचे ब्रेक अर्धवट लागतात, आणि दोष ब्रेकवाल्याला. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात ते वेगळंच.

आणि उलटणं. गाडी कडेवर किती सहज उलटते याचं एक ढोबळ माप आहे: दोन चाकांमधल्या रुंदीचा अर्धा, भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेची सरकारी संस्था २००१ च्या मॉडेलांपासून याच आकड्यावर गाड्यांना उलटण्याचं रेटिंग द्यायला लागली. रुंदी १,४०० मिलिमीटर आणि उंची ७०० असेल तर आकडा १. बॉडी तीन इंच उचलून गुरुत्वमध्य ७० मिलिमीटर वर नेला की तो ०.९ च्या आसपास येतो. दहा टक्के सुरक्षितता फोटोसाठी दिली.

यावर माझे पुण्यातले मित्र म्हणतात, "अरे पण ऑस्ट्रेलियात तर सगळे उचलतात." हो, उचलतात. पण कसं ते बघा. तिथल्या ओल्ड मॅन इमूसारख्या नावाजलेल्या कंपनीच्या यादीत एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात. रिकाम्या गाडीला वेगळी, पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसवलेल्याला वेगळी, मागे कायम सामान वाहणाऱ्याला वेगळी. आधी वजन, मग स्प्रिंग. आपण त्यातली सगळ्यात जाड मागवतो, कारण ती सगळ्यात भारी दिसते. विंच नाही, तंबू नाही, आणि लोखंडी बुलबारवर तर आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने बंदी घातली. म्हणजे ज्या वजनासाठी ती स्प्रिंग बनली ते वजनच गाडीवर नाही.

"मग आम्ही बनवून घेतो," असं म्हणणारा दुसरा गट. चांगलं आहे, बनवून घ्या. भोसरीपासून नांदेडपर्यंत स्प्रिंग वळणारे आणि पाटे करणारे कसबी लोक आहेत. पण त्यांच्याकडे जाऊन "जरा जाड तार घे रे भाऊ" म्हणू नका. कॉइलच्या कडकपणात तारेची जाडी चार वेळा गुणली जाते. १४ मिलिमीटरच्या जागी १५ ची तार घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग ३२ टक्के कडक होते. एका मिलिमीटरला! वेढे कमी केले तरी कडक होते. सात चालू वेढ्यांतला एक कापला तर १७ टक्के. म्हणजे गाडी खाली आणायला स्प्रिंग कापणारे आणि वर न्यायला जाड तार घेणारे, दोघेही नकळत एकच काम करतात. आणि नुसता स्पेसर टाकला तर कडकपणा तेवढाच राहतो, उंची वाढते, पण शॉकअपची आणि पुढच्या सांध्यांची ओढाताण होते. काहीच फुकट नाही.

ऑर्डर द्यायची तर अशी द्या: अमुक उंचीला दबलेली असताना या स्प्रिंगने अमुक किलो तोललं पाहिजे, आणि पुढे मिलिमीटरला इतके किलो. सोबत तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, टोकं कशी हवीत, आणि पूर्ण दाबल्यावर वेढ्याला वेढा टेकतो ती उंची. ही शेवटची उंची गाडीच्या रबरी स्टॉपरच्या आधी येता कामा नये. पोलाद कुठलं, ते विचारा. क्रोम-व्हॅनेडियम किंवा सिलिकॉन-मँगनीज असं उत्तर यायला हवं, "एक नंबर माल आहे" हे उत्तर नव्हे. तेलात विझवल्यावर पुन्हा तापवून पाणी उतरवलं का, छर्‍यांचा मारा केला का, पूर्ण दाबून सोडून बघितली का, तेही विचारा. शेवटचं केलं नाही तर तीच स्प्रिंग महिन्या-दोन महिन्यांत आपोआप बसते.

आणि गॅसवर पाटा लाल करून 'कमान चढवून' देणाऱ्यापासून दोन हात लांब राहा. आमच्या गावात लोहार जुन्या कमानपाट्याचे विळे-कुऱ्हाडी करतात, उत्तम करतात. पण एकदा भट्टीत लाल झालेला पाटा म्हणजे कुऱ्हाडीचा माल झाला. पुन्हा नीट कडक करून त्याचं पाणी उतरवल्याशिवाय तो पाटा राहत नाही. एकतर बसेल, नाहीतर तुटेल, आणि तुटेल तो अंगणात नाही, रस्त्यावर तुटेल.

कायद्याचं एक वाक्य सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तीन इंच उचललेली गाडी अपघातात सापडली आणि विमावाल्याने हे कलम काढलं, तर त्या वेळी सोबत उभं राहायला वर्कशॉपवाला येणार नाही.

आता तुमचा राग माझ्या लक्षात येतोय. "पुण्यात गुळगुळीत रस्त्यावर बसून शहाणपण शिकवतोय. इथे पावसाळ्यात शेतात जाऊन दाखव." (पुण्यातले रस्ते गुळगुळीत! असो.) पण यातला खरा भाग मी मान्य करतो. पोती भरली की गाडी मागून बसते ही अडचण खोटी नव्हती. भावाने तक्रार बरोबर केली होती, उत्तर मी चुकीचं दिलं. आणि पाणंद चांगली असती तर पाट्यांकडे इतकं लक्षच गेलं नसतं हेही खरं. २०२१ मध्ये सरकारने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. ग्रामसभेत आपली पाणंद त्या यादीत घाला म्हणून भांडणारी पोरं मी मोजली, तर एका हाताची बोटं उरतात. गाडीवर हजारो रुपये घालणारी मोजायला काटा लागेल. रस्त्यासाठी भांडायला सगळे एकत्र यावे लागतात, गाडी मात्र एकट्याला उचलता येते, म्हणून आपण गाडी उचलतो.

चाचांनी शेवटी काय केलं ते सांगतो. जुना संच ठेवला, त्यातला एक थकलेला पाटा नवा करून घेतला आणि कमान एक इंच वाढवली. तीन नाही, एक. आणि वर एक हेल्पर पाटा लावला, जो रिकाम्या गाडीत कशाला टेकतच नाही. गाडी तीस मिलिमीटर दबली की मग तो खाली टेकतो आणि कडकपणा साडेतीनचा सात होतो. हे काही चाचांनी लावलेले शोध नाहीत. ट्रकला हेल्पर पाटे कितीतरी वर्षांपासून आहेत. रिकामी गाडी पुन्हा १.६६ वर आली. पोती टाकल्यावर आधी ६७ मिलिमीटर बसायची ती आता पन्नासच्या आत बसते, आणि एक इंच कमान वाढवलेली असल्याने मागून लोळत नाही. शॉकअप नवे, मूळ मापाचेच. पुढची कॉइल कंपनीची परत घातली. ब्रेकचा व्हॉल्व नव्या उंचीला लावून घेतला. एकूण खर्च आधीच्या 'लिफ्ट'च्या निम्म्याहून कमी. मी आकडे वहीत मांडत होतो तेव्हा चाचा चहा पीत बसले होते. माझं गणित आणि त्यांनी आधीच काढून ठेवलेला पाटा जुळले तेव्हा ते हसलेही नाहीत.

भाऊ थोडा हिरमुसला. म्हणाला, "दादा, गाडी आता इतरांसारखी दिसूलाली." मी म्हटलं, दिसू दे.

काकू आता बऱ्या आहेत, पण पूर्वीसारख्या नाहीत. पुढच्या सीटवर बसतात, गतिरोधक दिसला की आधीच दोन्ही हातांनी वरचं हँडल धरतात आणि भावाला "हळू रे" म्हणतात. गाडी आता मऊ आहे, हँडल धरायची गरज नाही, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गतिरोधकाला पुन्हा हँडल धरलं.

तेव्हा तुम्हाला गाडी उचलायचीच असेल तर उचला, मी कोण सांगणार. फक्त आधी ती काट्यावर घाला. आणि रिकाम्या गाडीत मागच्या बाकड्यावर घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बसवायच्या आधी, स्वतः बसून एकदा पाणंदीतून चक्कर मारून या.